सदर बाजारात उतरलेला पाऊस

सोन्याचांदीच्या दुकानांच्या दोन रांगा, मधून जगन्नाथाचा रथ, आणि वरून पाऊस! रायपूरच्या सदर बाजारात आषाढ शुद्ध द्वितीयेला मी हे पाहिलं आणि तो आवाज अजून कानातून गेलेला नाही. दुकानांच्या पत्र्यांवर पाऊस, छत्र्यांवर पाऊस, ढोलाच्या ताणलेल्या कातड्यावर पाऊस. रस्ता अरुंद, आपल्या एखाद्या जुन्या पेठेतल्या रस्त्याएवढाच. त्यात माणसं इतकी की पडलेला पैसा उचलायला वाकता येऊ नये. पण आडोशाला कुणी जात नाही. बायकांनी पदर खोचलेत, पोरं बापांच्या खांद्यावर बसलीत, रथाचा दोर या हातातून त्या हातात चाललाय. एक म्हातारे गृहस्थ माझ्या ओंजळीत मोड आलेले मूग घालतात. हा इथला रथयात्रेचा प्रसाद, गजामूंग. ओल्या हातात ओले मूग! दाताखाली आले की कच्ची, हिरवी, पाणीदार चव सगळ्या तोंडात पसरते.

मी माण तालुक्यातली, दहिवडीच्या माळावर वाढलेली. आमच्याकडे वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातलाही बराचसा गणपती उठल्यानंतरचा, परतीचा. आषाढात आमचं आभाळ नुसतं धावत असतं. पश्चिमेकडून ढग येतात, महाबळेश्वरावर साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाणी ओततात, आणि शंभरेक किलोमीटरवर आमच्या डोक्यावरून जाताना त्यांच्याकडे द्यायला काही उरलेलं नसतं. रायपूरला वर्षाचा पाऊस साधारण १२०० मिलिमीटर. आमच्या दुपटीहून जास्त. आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. त्या गर्दीत चिंब उभी असताना एक सर, फक्त एक सर, इतका वेळ चालली की आमच्याकडे तेवढ्यात ओढे फुटले असते आणि गावातली म्हातारी माणसं वर्षभर तिची आठवण काढत बसली असती.

त्याहून मोठं नवल दिशेचं. जन्मभर मी पावसासाठी पश्चिमेकडे पाहिलेलं. इथे सगळ्यांच्या माना पूर्वेकडे वळतात. बंगालच्या उपसागराच्या डोक्याशी हवेचा दाब कमी होतो, ढगांचा भोवरा तयार होतो, ओडिशाचा किनारा ओलांडतो आणि महानदीच्या खोऱ्यातून वायव्येकडे सरकत इथवर येतो. वाटेत सह्याद्रीसारखी सलग उभी भिंत नाही, म्हणून पाणी एका जागी रिकामं होत नाही, वाटत वाटत येतं. म्हणजे ज्या पुरीत आज मोठा रथ निघाला, त्याच पुरीच्या समुद्राकडचं पाणी इथल्या रथावर पडत होतं! हे एका दुकानदाराला मी सांगितलं, तर त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, ‘‘देव एकटा कसा येईल, बहनजी? आपला पाऊस घेऊनच येणार.’’

रथ पुढे गेला आणि मी बाजाराच्या गोलबाजाराकडच्या टोकाला आले. इथे सोनं संपतं आणि जंगल सुरू होतं. खरंच सांगते, पन्नास पावलांत. जडीबुटीच्या दुकानांतून गोणत्या उघड्या पडलेल्या: हिरडा, बेहडा, वाळलेली मोहफुलं, चारोळी, राळेचे पिवळट खडे. मोहाचा तो गोड, आंबूस, डोक्यात चढणारा वास पावसाळी हवेत जड होऊन रस्त्यावरच बसून राहिलेला. आपल्या गडचिरोलीच्या आठवडी बाजारात हा वास मी घेतला आहे, पण तिथे तो जंगलाच्या कुशीत येतो. इथे तो लाखो माणसांच्या राजधानीत, सराफकट्ट्याच्या शेजारी येतो.

आणि पदपथावर टोपल्या. पानांच्या द्रोणांत मातीने माखलेले, सुपारीएवढे, काळपट तपकिरी गोळे. एक आजीबाई राखण करत बसलेल्या, प्लास्टिकचा कागद डोक्यावरून पाठीपर्यंत ओढलेला. मी विचारलं, ‘‘दाई, ए काय आय?’’

‘‘बोडा आय, नोनी. सरई तरी निकलथे.’’

सरई म्हणजे साल, छत्तीसगडचा राज्यवृक्ष. त्याच्या तळाशी, पहिला पाऊस पडून गेला आणि कडकडाट झाला की जमिनीतून हे बोडे वर येतात, असं दाईंनी हातवारे करून सांगितलं. भाव विचारला तर किलोला हजाराच्या वर! मटणाहून महाग! आणि तरी गाड्या थांबतायत, माणसं पावशेर, अर्धा पावशेर तोलून घेतायत. हंगाम थोडकाच, काही आठवड्यांचा. नंतर बोडा आतून काळा पडतो आणि संपतो. त्याच संध्याकाळी एका घरी मी तो खाल्ला. बाहेरचं कवच दाताखाली कुरकुरतं, फुटतं, आणि आतला गर लोण्यासारखा मऊ. ओल्या मातीचा वास थेट चवीत उतरलेला. इतक्या वर्षांत अशी चव कधी जिभेवर आली नव्हती.

बोडा ही एक बुरशी आहे, आणि ती सालाच्या मुळांवाचून जगत नाही. तिचे धागे मुळांना लपेटून घेतात, मातीतलं स्फुरद आणि पाणी झाडाला पोचवतात, बदल्यात झाड पानांत केलेली साखर खाली पाठवतं. हा व्यवहार जमिनीखाली अखंड चालू असतो. आपल्याला दिसतं ते वर्षातून एकदा वर आलेलं फळ, आणि ते वर कधी येणार हे पहिला पाऊस ठरवतो. बोडा शेतात पिकवता येत नाही, कारण त्यासाठी आख्खं सालवन पिकवावं लागेल.

सालवनाचं वेळापत्रक तर मला सर्वात थक्क करून गेलं. सालाचं बी उन्हाळा संपता संपता पिकतं. त्याला पाच पंख असतात. ते गरगर फिरत खाली येतं, आणि जमिनीवर पडल्यावर आठवडाभरच जिवंत राहतं, फार तर थोडं अधिक. तेवढ्यात ओल मिळाली तर रुजायचं, नाही तर मरायचं. आमच्या माळावरची बियाणी वर्षानुवर्षं धुळीत पडून राहतात, पावसाची वाट पाहतात, एक हुकला तर पुढचा. सालाकडे वाट पाहण्याची सोयच नाही. मोसमी पाऊस जूनच्या मध्याला इथे येणार, या भरवशावर आख्ख्या जंगलाने आपली पुढची पिढी बेतलेली आहे. एवढा विश्वास! पाऊस किती पडतो याच्याइतकंच तो वेळेवर येतो का, यावरही जंगल उभं असतं, हे त्या टोपलीपुढे उकिडवं बसल्यावर माझ्या ध्यानात आलं.

आपल्याकडे मेळघाटात, ताडोबात, चंद्रपूर-गडचिरोलीत राज्य सागाचं. सागाची रीत निराळी: कोरडे महिने आले की सगळी पानं टाकून द्यायची आणि उघडंबोडकं उभं राहायचं, पाण्याचा खर्चच बंद. साल पानं बदलतो, पण फार काळ निष्पर्ण राहत नाही. त्याला मुळाशी ओल धरून ठेवणारी जमीन लागते. पूर्वेकडे यावं तसा सागाचा मुलूख विरळ होत जातो आणि सालाचा सुरू होतो. पाऊस तिथे एकटा ठरवत नाही, खडकही ठरवतो. आपल्या काळ्या कातळावरची माती सागाला मानवते; साल वालुकाश्मावर, ग्रॅनाइटवरच्या मातीत रमतो. जंगलाची ही सीमा कुठल्या राज्याने आखलेली नाही आणि तिच्यावर पहाराही नाही, तरी ती ओलांडली की पायाखालच्या पाचोळ्याचा आवाज बदलतो. सागाचं पान कडाडतं, सालाचं सळसळतं.

आता सोन्याकडे.

रथाची गर्दी ओसरल्यावर मी एका जुन्या पेढीत शिरले. पांढऱ्याशुभ्र चादरीची गादी, लोड, भिंतीवर तीर्थंकरांची तसबीर, तराजू काचेच्या पेटीत. मालक वयस्कर, डोक्यावर टोपी, बोलणं संथ. मी काही घेणार नाही हे त्यांना पहिल्या मिनिटाला कळलं असणार, पण ‘‘बैठो बेटी, पानी रुकने दो’’ म्हणून त्यांनी चहा मागवला आणि एकेक दागिना पुढे ठेवायला सुरुवात केली. गळ्यातला जाडजूड चांदीचा सुता. मनगटातली पिळाची ऐंठी. दंडावरची नागमोरी, आपल्या वाकीची सख्खी बहीण. कमरेची करधन, पायातली पैरी. आणि मग पुतरी: सोन्याची गोल नाणी ओवलेली माळ. मी ओरडलेच, ‘‘अहो, ही तर आमची पुतळ्यांची माळ!’’ चांदीचं वजन पाहून हात खाली गेला. आमच्याकडच्या बायका अंगावर घालतात त्याच्या कैक पट चांदी, आणि तीही रोजच्या वापराची, शेतात चिखल करताना घालायची!

ही चांदीही पावसाचीच. कार्तिकात धान कापलं, विकलं की खेड्यांतून बायका पेढीवर येतात आणि जसं पीकपाणी झालेलं असेल त्या मानाने दागिना घेतात. आषाढात, पेरणीच्या दिवसांत, त्यातलाच एखादा दागिना बियाण्यासाठी गहाण पडायला परत येतो. ‘‘पाऊस चुकला की आमच्या तिजोरीत चांदी वाढते,’’ शेठजी म्हणाले, ‘‘पण त्या वर्षी पेढीवर बसवत नाही.’’ हे म्हणताना ते खरोखरच रस्त्याकडे पाहायचे थांबले.

त्यांचं मूळ गाव बिकानेरच्या पलीकडे, वाळूत. सदर बाजारातल्या कितीतरी ओसवाल जैन घराण्यांची मुळं अशी मारवाडात आहेत. १८८० च्या दशकात नागपूरकडून लोहमार्ग या बाजूला आला आणि व्यापाराच्या वाटा रुंदावल्या; पण माणसाला घराबाहेर ढकलणारं कारण मागे होतं. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. मारवाडात त्याला अजून छप्पनिया म्हणतात. मोसमी पाऊस फिरकलाच नाही. शेठजींनी तो पाहिलेला नाही, त्यांच्या वडिलांनीही नाही, पण घरात त्याबद्दल बोलताना अजून आवाज खाली येतो. मला अंगावर काटा आला तो दुसऱ्याच कारणाने. त्याच साली आपलं नगर-सोलापूर होरपळलं, आणि पाण्याने श्रीमंत असलेलं हे छत्तीसगडही. वाळवंट, माळ आणि भातखाचरं, तिघांवर एकाच वर्षी एकाच आभाळाने पाठ फिरवली होती.

बिकानेरला सरासरी पाऊस अडीचशे मिलिमीटरच्या आसपास, जैसलमेरला तर दोनशेच्या आतबाहेर. उपसागरावरून निघालेले ढग तिथवर पोचेपर्यंत थकलेले असतात. अरबी समुद्रावरचे वारे अरवलीला समांतर निघून जातात, डोंगर त्यांना आडवाच येत नाही, मग ते वर चढणार कसे आणि निवणार कसे? शिवाय वरून खाली दबणारी कोरडी हवा ढगांना उंच वाढू देत नाही. आणि सरासरी तिथे कामाची नसते: एका वर्षी दुप्पट, मग दोन वर्षं काहीच नाही. म्हणून तिथलं सगळं जगणं साठवणीवर बेतलेलं. शेठजींच्या जुन्या घराच्या अंगणाखाली टांका आहे, पावसाचं पाणी धरणारं हौद-तळघर. लहानपणी त्याच्या झाकणाला कुलूप असायचं, किल्ली आजीच्या कमरेला. सोन्याच्या पेढीवर बसून ते पाण्याच्या कुलपाची गोष्ट सांगत होते आणि बाहेर पन्हळींतून पाणी धो धो रस्त्यावर वाहत होतं!

तेवढ्यात आतून पोळीबरोबर एक भाजी आली. केर-सांगरी. वाळवून भिजवलेल्या बारीक शेंगा आणि मिऱ्यापेक्षा थोराड आंबट फळं, मोहरीच्या तेलात, लाल मिरचीत परतलेली. या बाजाराच्या आसपासच्या किराणा दुकानांत दोन्ही जिन्नस गोणीने मिळतात. सांगरी खेजडीची. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला सीमोल्लंघन करून जिची पूजा करतात तीच! आपल्याकडे वर्षातून एकदा आठवण होणारं झाड तिकडे घर चालवतं: पाला शेळ्या-उंटांना, शेंगा माणसांना, सावली पिकाला, आणि दुष्काळात त्याची सालसुद्धा दळून खाल्लेली. मुळं इतकी खोल जातात की वरचा पाऊस चुकला तरी खालचं पाणी सापडतं. या झाडांसाठी १७३० साली जोधपूरजवळ खेजडली गावात अमृतादेवी आणि बिष्णोई समाजातल्या ३६३ माणसांनी प्राण दिले. ते पावसाच्या हिशेबात पाहिलं की झाडाची किंमत कळते.

आणि केर! ते फळ तोंडात घोळवताना मला पंढरपूर आठवलं. विठ्ठलाच्या देवळात कान्होपात्रेचं म्हणून जे तरटीचं झाड दाखवतात, ते आणि मारवाडातलं केर एकाच कुळातली भावंडं आहेत. दोघांच्या अंगावर काटे, दोघांनाही कमी पाणी पुरतं. पांडुरंगाच्या दारात उभं असलेलं ते झाड कोरड्या गवताळ मुलखाचं झाड आहे. मी शेठजींना हे सांगितलं तेव्हा आमच्या पालख्या त्याच वाटेवर होत्या. आळंदीहून निघून दिवेघाट चढून सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस: पूर्वेकडे पाऊल पडावं तसा पाऊस कमी कमी होत जातो, झाडं बुटकी होतात, पसरतात, आणि गवत मोकळं होतं. लाखो माणसं दरवर्षी पायांनी पावसाचा हा उतार उतरतात. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी जुन्या मराठी वाङ्मयातले, लोककथांतले झाडांचे उल्लेख शोधून दाखवलं आहे की हा माळ पूर्वीही माळच होता. म्हणजे तो तुटलेल्या जंगलाचा उरलेला तुकडा नाही. शेकडो वर्षं बाभळी, तरट्या आणि गवत यांचाच तो संसार आहे.

याबद्दल मला शांतपणे बोलता येत नाही. सरकारी पडीक जमिनींच्या नकाशात आमचे माळ ‘पडीक’ म्हणून रंगवलेले असतात. मग कुणी तिथे खड्डे खणून परक्या झाडांच्या रांगा लावतं, कुणी कुंपण घालतं. जिथे झाडं दाट नाहीत तिथे काहीच नाही, असं मानण्याची खोड आपल्याला कुठून लागली? महेश शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली आफ्रिकेतल्या ८५४ ठिकाणांची माहिती एकत्र मांडून दाखवलं की वर्षाचा पाऊस साधारण ६५० मिलिमीटरच्या खाली असला की झाडं किती दाट वाढू शकतील याला पाऊसच वरून मर्यादा घालतो. त्याच्यावर गेलं की जंगल मिटून दाट होऊ शकतं, आणि ते मोकळं राहिलं तर ते वणव्याने, चरणाऱ्या जनावरांनी. माण त्या रेषेच्या खाली. आमच्याकडे गवताची मुळं वरच्या वीतभर मातीत जाळं विणून बसतात आणि शिंतोडाभर पाऊससुद्धा झाडाच्या मुळापर्यंत उतरण्याआधी पिऊन टाकतात. कुसळी, मारवेल, डोंगरी गवत: यांनी तो मुलूख जिंकलेला आहे, त्यांना तो कुणी दान दिलेला नाही.

रेषेच्या वरचं गवतही मला रायपूरनेच दाखवलं. शहराबाहेर भाताच्या हिरव्या पाण्याच्या चौकटी अंत नसल्यासारख्या पसरलेल्या, आपल्या भंडारा-गोंदियाची आठवण करून देणाऱ्या, पण कितीतरी विशाल. आणि मध्येच एखादा उंचवटा, लाल, खडेदार, उघडा. त्यावर भात नाही, झाड नाही, फक्त आखूड गवत आणि गुरं. ही भाठा जमीन. इथले शेतकरी मातीला नावाने ओळखतात: काळी कन्हार, मधली डोरसा, पिवळसर मटासी, आणि जांभ्याची भाठा. पाऊस चौघींवर सारखाच पडतो. पण भाठ्याच्या खड्यांत तो थांबत नाही, खाली निसटतो, आणि बाराशे मिलिमीटरच्या मुलखात माळाचं बेट उभं राहतं. मी त्या लाल खड्यांवर उभी राहिले आणि पायांना घरचा स्पर्श झाला. साताऱ्याच्या कासच्या सड्यावरचा जांभा आठवला. तिथे तर पावसाचा पूर असतो, आणि तरी झाडांऐवजी फुलं आणि गवत. पाऊस देतो, पण माती जे धरून ठेवते तेच उगवतं.

छत्तीसगडातही डोंगराआडचा कोरडा पट्टा आहे, हे ऐकून तर मी उडालेच. मैकल डोंगररांगेच्या सावलीतला कवर्ध्याचा भाग. सह्याद्रीआडचं जसं आमचं माण-खटाव, तसा. आणि दक्षिणेला अबूझमाड, इथला सर्वाधिक पावसाचा मुलूख, डोंगर आणि जंगल यांनी गच्च.

शेठजींना मी माळढोकाबद्दल सांगितलं. सोलापूरजवळ नान्नजचं अभयारण्य १९७९ साली त्याच्यासाठी झालं आणि आता तिथे तो दिसणं जवळजवळ थांबलंय. त्यांनी चष्मा काढला. लहानपणी आजोळी जाताना सेवण गवतातून पळणारा गोडावण त्यांनी पाहिला होता. तोच पक्षी! राजस्थानचा राज्यपक्षी, आज मुख्यतः जैसलमेरकडेच थोडासा उरलेला. त्याला ना सालवन चालतं, ना उघडी वाळू पुरते. त्याला गवत लागतं, दूरवर नजर पोचेल असं. छत्तीसगडच्या सोनेबाजारात बसून माणची मी आणि बिकानेरचे ते, एका उडून गेलेल्या पक्ष्याबद्दल बोलत होतो आणि चहा निवून गेला.

पाऊस उघडल्यावर तात्यापाऱ्यात गेले. सदर बाजारातून चालत जावं एवढं अंतर, आणि एकदम मराठी! इथल्या मराठी घरांचा इतिहास नागपूरकर भोसल्यांपर्यंत जातो. १७४१ साली भास्करपंतांची फौज रतनपूरवर आली; पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरातून कारभार केला. दसऱ्याला सोनं म्हणून पानं वाटण्याची रीत त्यांनीच इकडे रुजवली असं मानतात. ज्या घरी बोडा खाल्ला तिथल्या आजींचं मराठी असं की वाक्य नागपुरी सुरात सुरू व्हावं आणि छत्तीसगढीत संपावं. त्यांनी पानात वाढता वाढता पहिला प्रश्न विचारला तो नातेवाइकांचा नव्हे: ‘‘तुमच्याकडे पाणी कसं आहे, हो?’’

मला सांगता येईना, म्हणून भावाला फोन लावला. तो म्हणाला, ‘‘वळवाचं झालं तेवढंच. पण मेंढरं कोकणातनं परत आलीत, धनगरांचे वाडे माळावर लागलेत. कुसळीला लव फुटलीय.’’ दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन कोकणात उतरायचं आणि तिथे पाऊस धरला की घाट चढून माळावर परतायचं, हे धनगर पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. आजींनी हे ऐकलं मात्र, फोन माझ्या हातातून घेतला आणि माझ्या भावाला बियासी समजावून सांगायला लागल्या: भात विस्कटून पेरायचा, रोपं वीतभर झाली आणि खाचरात पाणी तुंबलं की उभ्या पिकात नांगर घालायचा, तण गाडलं जातं, रोपं विरळ होतात, आणि चिखलातून भात पुन्हा उठतो. ‘‘उभ्या पिकात नांगर?’’ भाऊ तिकडून ओरडला, ते मला इथे ऐकू आलं. ‘‘हो तर!’’ आजी त्याहून मोठ्यानं म्हणाल्या. ‘‘पाणी असेल तर काहीही होतं. तू मला आधी हे सांग, मेंढरं किती आहेत, आणि एवढ्यांना ते गवत पुरतं कसं?’’